पणजोबा बिजवर होते!

आज सकाळी आत्यासोबत पुण्यातल्या आमच्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) दफनभूमीत गेले होते. पणजोबांची कबर लगेच सापडली. शेजारच्या दगडावर मात्र शेवाळ इतकं की अक्षर दिसेना. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने हळूहळू पुसलं (तारेची घासणी चुकूनही लावू नका, अक्षरंच जातात), मग मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला. सावल्या पडल्या आणि वर 'पे-नून' ही दोन हिब्रू अक्षरं उमटली, म्हणजे 'येथे पुरले आहे'.

खाली हिब्रू सालाची चार अक्षरं: ताव, रेश, अयिन, तेत. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो: ४००, २००, ७०, ९. झाले ६७९. हजार सहसा लिहीत नाहीत, म्हणून साल ५६७९. महिना हेश्वान, म्हणजे दिवाळीच्या आसपासचा. इंग्रजी साल काढायला ३७६१ वजा केले आणि उत्तर आलं १९१८. इन्फ्लुएन्झाच्या साथीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. दगडावर कारण लिहिलेलं नाही, पण मला दुसरं काही सुचेना.

त्याखाली मराठीत, बाळबोध वळणात, पणजोबांचं नाव, पुढे 'यांची पत्नी', 'वय २२'.

पण आमची पणजी तर मी पाहिलेली! नव्वदीपर्यंत जगली, चिक-चा-हलवा तीच घोटायची.

आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, म्हणजे आजी दुसरेपणावर दिलेली होती? कधी बोलली नाही ती."

आमच्या रीतीप्रमाणे दोघींनी त्या कबरीवर एकेक खडा ठेवला. निघताना आत्या परत मागे गेली आणि अजून एक ठेवून आली.