चाळीस मिनिटं स्टेजवर, बाकी दिवस गाडीत

बँडची टूर म्हटलं की लोकांना स्टेजच दिसतं, पण खरं सांगू का, वाजवायची चाळीसेक मिनिटं सोडली तर उरलेला अख्खा दिवस गाडीत, सामान चढवण्या-उतरवण्यात आणि साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेण्याची, वाट बघण्यात जातो, आणि तरी मला हे सगळं मनापासून आवडतं.

आमच्या ड्रमरकडे एक जुनं कार्पेट आहे. त्यावर रंगीत टेपच्या खुणा केल्यात, किकचे (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे) पाय कुठे, हाय-हॅट (झांजांची जोडी) कुठे, स्टूल कुठे. स्टेज कुठलंही असू दे, कार्पेट अंथरलं की ड्रमकिट अगदी कालच्यासारखंच उभं राहतं. टेपची कड सुटायला लागली की तो गुडघे टेकून अंगठ्याने दाबून दाबून परत चिकटवतो, ते बघत बसायला मला फार छान वाटतं.

गिटारचं रोजचंच. गार गाडीतून गरम हॉलमध्ये आली की तारा सैल पडतात, सूर उतरतो, म्हणून आधी अर्धा तास तशीच ठेवायची आणि मग ट्यून करायची. हॉलचंही तसंच, रिकामा असताना नुसता घुमतो आणि माणसं भरली की तीच आवाज शोषून घेतात, त्यामुळे दुपारी बसवलेला आवाजाचा बॅलन्स पहिल्याच गाण्यात बदलावा लागतो.

रात्री गाडी चालवणाऱ्याशेजारी एकाने जागं राहायचंच, हा आमचा नियम. काल माझी पाळी होती. मागे दोघं ढाराढूर झोपलेले आणि आम्ही पुढे हळू आवाजात नव्या गाण्याचं दुसरं कडवं जुळवत होतो.