काळा घोड्याचं निळं सिनेगॉग: दुपारी चारला जा

मुंबईतल्या काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, पहिल्यांदा गेलो तो नेमका शनिवारी. दारातूनच परत पाठवलं. चूक सर्वस्वी माझी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या रायगडकडच्या बेने इस्रायली ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणतात हे लहानपणापासून ऐकलेलं, तरी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, ध्यानात आला नाही. तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ, शनिवार आणि ज्यूंचे सण टाळूनच बेत आखा.

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. चर्चगेटहून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. गाडी नेऊ नका, फोर्टात ती ठेवायला जागा शोधण्यातच दुपार जाईल. दारावर पोलीस असतात. ओळखपत्र जवळ हवंच आणि मोठी सॅक शक्यतो नको. फोटोसाठी वेगळे पैसे घेतात, ते आधीच विचारून घ्या. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. रुमाल चालतो.

केनेसेथ एलियाहू १८८४ साली उभं राहिलं. जेकब ससून आणि त्याच्या भावांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ ते बांधवलं. ही मंडळी बगदादी ज्यू, आपले बेने इस्रायली वेगळे. आराखडा गॉस्लिंग आणि मॉरिस यांचा. बरीच वर्षं ही इमारत भडक आकाशी दिसायची, मला तरी ती लग्नाच्या हॉलसारखी वाटे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली, रंगांच्या थरांखालचा मूळ रंग शोधला गेला आणि २०१९ मध्ये ती गडद निळ्या-पांढऱ्या रूपात पुन्हा उघडली.

प्रार्थनेची जागा तळमजल्यावर नाही, लाकडी जिना चढून जावं लागतं. वर गेलात की लगेच मोबाइल काढू नका. आधी कडेच्या बाकावर बसा. मधोमध कठड्याचा उंच चौथरा दिसेल, तो तेवा. तिथून तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचतात. समोरच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, हेखाल. वरच्या सज्जात बायकांची बसायची जागा. सज्जा तोलणारे खांब बारीक, पण डौलदार. पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन कंपनीच्या फरश्या. आणि कुठेही मूर्ती नाही, माणसाचं चित्र नाही. देवळातल्या कोरीवकामाची सवय असलेल्या डोळ्यांना आधी थोडं चुकल्यासारखं होतं. मग कळतं, इथली सजावट मुख्यतः रंग आणि उजेडाची आहे.

म्हणूनच चारचा आग्रह. इथून जेरुसलेम पश्चिमेला, त्यामुळे हेखालही पश्चिमेच्या भिंतीत आणि त्याच्यावर रंगीत काचांची मोठी खिडकी. सकाळी ती नुसती सुंदर दिसते. ऊन कललं की पेटते. मी पाऊण तास बसलो होतो. पावसाळ्यात ही मजा मिळेलच असं नाही.

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या गर्दीत जाऊ नका. बाहेर आल्यावर समोर जो घोडा दिसतो तो २०१७ चा, बिनस्वाराचा. ज्याच्यावरून भागाला नाव पडलं तो सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा काळा पुतळाही ससूनांनीच दिलेला, तो आता राणीच्या बागेत आहे. तिकडे गेलात तर भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग त्याच फेरीत होतं. तेही निळंच.