टाके घालायच्या आधी

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, डाव्या स्तनाच्या वरच्या, बाहेरच्या भागात कॅल्शियमचे पांढरे ठिपके होते. चिमूटभर मीठ सांडावं तसे एका जागी गोळा झालेले, पण कुठलेच दोन सारखे नाहीत. बाई कराडकडच्या, प्राथमिक शाळेत शिकवायच्या, वय 52. थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला म्हणून त्यांनी आपणहून मॅमोग्राफी करून घेतली होती. हाताला काही लागत नव्हतं, त्यांच्या नाही आणि सर्जनच्याही नाही. सोनोग्राफीतही काही दिसत नव्हतं. सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र स्पष्ट होता: डीसीआयएस. म्हणजे दूधनलिकेच्या आतच असलेला, नलिकेची भिंत ओलांडून बाहेर न पडलेला कॅन्सर.

जे हाताला लागत नाही ते सर्जन काढणार कुठून? ती जागा दाखवायचं काम आम्हा रेडिओलॉजिस्टचं. ऑपरेशनच्या सकाळी मॅमोग्राफी मशिनवर सुई घालायची, सुईतून बारीक तार सोडायची, तिचं टोक ठिपक्यांपाशी रुतवायचं आणि पेशंटला तारेसकट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवायचं.

बाई उपाशीपोटी आल्या होत्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, ‘मॅडम, गाठ नाही म्हणता आणि ऑपरेशनही करायचं म्हणता. घरी सगळे विचारतात, मी काय सांगू?’

मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि ठिपके मोठे करून दाखवले. ‘गाठ व्हायच्या आधीच सापडलंय, बाई. असं सांगा घरी.’ त्या बराच वेळ पाहत राहिल्या. पेशंटला स्वतःची फिल्म दाखवायला दोन मिनिटं लागतात आणि ती द्यावीत असं माझं ठाम मत आहे. आपल्या अंगात सुई कशासाठी जाते आहे, हे त्या माणसाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

स्तन वरून दाबणाऱ्या प्लेटला एक चौकोनी खिडकी असते, तिच्या एका कडेला अक्षरं, दुसऱ्या कडेला आकडे. फिल्मवर ठिपके कोणत्या अक्षराच्या आणि कोणत्या आकड्याच्या रेषेत आहेत ते पाहायचं आणि नेमकी तिथे भूल देऊन सुई सरळ खाली घालायची. सुई मी मुद्दाम ठिपक्यांच्या पलीकडे नेते. ती नंतर मागे घेता येते, पण तारेच्या टोकाचा हूक एकदा उघडला की तो मागे येत नाही. बॉस्टनचे रेडिओलॉजिस्ट डॅनियल कोपान्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तार अशीच आहे. मांसात रुतून बसणं हेच तिचं काम.

सुई आत असतानाच बाईंच्या वरच्या ओठावर घाम दिसला, चेहरा उतरला. उपाशी पोट, भीती आणि बसलेली स्थिती, यामुळे असं पुष्कळदा होतं. आमच्या टेक्निशियन ताईंनी प्लेट सैल केली, खुर्ची मागे कलती करून पाय वर घेतले. मी सुई हलू नये म्हणून धरून उभी. नाडी मंद लागत होती, मग हळूहळू भरली. ‘थांबायचं का?’ मी विचारलं. ‘नको. आता घातलीय ना, पुरं करा,’ बाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

मग बाजूने फिल्म घेतली. वरून घेतलेल्या फिल्मवर सुई जागेवर दिसते, पण ती किती खोल गेलीय ते बाजूच्या फिल्मवरच कळतं. थोडी मागे घेतली, तार सोडली, सुई काढून घेतली. टोकाजवळचा तारेचा जाडसर भाग ठिपक्यांमधूनच गेला होता. बाहेर राहिलेली तार गॉजवर वळवून चिकटवली, वर कागदी कप पालथा लावला, म्हणजे कपड्यात अडकून ओढली जात नाही.

फिल्म पाठवून दिली की काम संपलं, असं मी मानत नाही. माझ्याकडे स्तन दाबलेला असतो आणि पेशंट बसलेली. ओटीत ती उताणी, हात पसरलेला, स्तन बगलेकडे कललेला. तारेची वाट फिल्मवर दिसली तशी तिथे राहत नाही. म्हणून वर जाऊन सर्जनना कागदावर काढून दाखवलं: त्वचेपासून ठिपके किती खोल, टोक त्यांच्या किती पुढे, निपलपासून कुठल्या दिशेला. ‘तुकडा आला की लगेच फोन करते. तोवर टाके घालू नका, सर.’

तासाभराने ओटीतले वॉर्डबॉय मामा तुकडा घेऊन धावतच आले. सर्जननी खुणेचे टाके घातले होते, छोटा वरच्या बाजूला, लांब बाहेरच्या बाजूला. मी तो मॅमोग्राफी मशिनवरच ठेवून एक्स-रे काढला. काढलेल्या स्तनांचे असे एक्स-रे बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमोन यांनी 1913 मध्येच काढले होते आणि हे ठिपके त्यांना त्यांत दिसले होते. आम्ही ते पेशंट टेबलावर असताना करतो, एवढाच फरक. तार होती, ठिपके होते. पण आतल्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाकडच्या कडेला, चार-पाच ठिपके अगदी काठाशी भिडलेले.

ओटीत फोन लावला. ‘सर, आतल्या कडेला चिकटून आहेत. तिथून अजून घ्यावं लागेल.’ ‘किती?’ ‘सेंटिमीटरभर तरी.’ पलीकडे क्षणभर कोणी बोललं नाही, मग ‘पाठवतो’ एवढंच. दुसऱ्या तुकड्यात आणखी तीन ठिपके निघाले, या वेळी काठापासून चांगले लांब. त्यानंतरच टाके पडले.

गर्दीच्या ओटीत हा एक्स-रे कधी कधी गाळला जातो. वेळ नाही, मशिन खालच्या मजल्यावर, भूलतज्ज्ञ खोळंबलेत. मला हे अजिबात पटत नाही. कडेला राहिलेलं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कळतं, पण तोवर जखम शिवलेली असते आणि बाईला पुन्हा भूल, पुन्हा टेबल. पहिल्यांदा जमवलेलं धैर्य दुसऱ्यांदा कुठून आणायचं? आता तारेऐवजी चुंबकीय बी किंवा रडारची खूण ठेवायच्या पद्धतीही आल्या आहेत. त्या ऑपरेशनच्या बऱ्याच आधी ठेवता येतात, त्यामुळे सकाळची ही धावपळ वाचते. खर्च मात्र मोठा. पण खूण कुठलीही असो, तुकड्याचा एक्स-रे काही टळत नाही.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो आधी मधूनच वाचला. दुसऱ्या तुकड्यातही डीसीआयएस होतं. त्यापुढची कड मोकळी, म्हणजे रोग आणि कापलेला काठ यांत 2 मिलिमीटरहून जास्त अंतर. रेडिएशन देणार असलो की डीसीआयएससाठी तेवढी पुरेशी धरतात. नलिकेबाहेर रोग कुठेच नव्हता. बाईंना दुसऱ्या ऑपरेशनची गरज पडली नाही. पुढच्या महिन्यात त्यांचं रेडिएशन सुरू झालं.