मधाच्या बाटलीवरचे चौदा आकडे

आमच्या घराची घरपट्टी अजूनही माझ्या आजेसासऱ्यांच्या नावाने येते. ते जाऊन चाळीसेक वर्षं झाली. फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांतून विचारा, बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळेल. एरवी त्याने कुणाचं काही अडत नाही. माझं अडलं, आणि तेही ऐन मे महिन्यात, कुळागरात, म्हणजे घरच्या माड-पोफळीच्या बागेत, भिरंडं (कोकमाची फळं) पिकून झाडाखाली सडा पडलेला आणि पेट्यांतला मध काढायला आलेला असताना. घरचा मध, सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस) दुकानात ठेवायचा म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करायला गेले, तर घर कुणाचं, याच एका प्रश्नावर अर्ज अडकून पडला. गोव्यात वडिलोपार्जित घरात राहून असं काही करू पाहणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न येणार आहे. त्याचं उत्तर सोपं आहे, पण ते मला वेळेवर कुणीच सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही आधी म्हापशाला फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा निवृत्त झाल्यावर सासूबाईंजवळ गावी आलो. त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो. माड, पोफळी, मिरवेल, जायफळ, केळी, फणस, बांधाला भिरंडाची झाडं असं जुनं कुळागर आहे. विहिरीजवळ मी वाफे केले, तांबडी भाजी, भेंडी, दोडकी, दुधी लावले. मग सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवल्या. सातेरी ही आपली इथलीच माशी, झाडाच्या ढोलीत, वारुळात राहणारी. विलायती माशीइतका मध ती देत नाही, एका वसाहतीकडून वर्षाला ५ ते १० किलोच्या पुढे आशा धरू नये. पण इथल्या हवेला ती सरावलेली आहे, आणि दुधी-दोडक्यांना फळ किती धरतं त्यात माश्या आल्यावर जो फरक पडला तो मी स्वतः पाहिला.

पहिल्या वर्षीचा मध नातेवाइकांत संपला. नंतर फोंड्याच्या एका दुकानदाराने चव घेऊन सांगितलं, बाटल्या आणा, आगळही आणा, पण लेबलावर नंबर हवा. गावात दोघातिघांनी मला सांगितलं की शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही, कशाला त्या भानगडीत पडतेस. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात शेतकऱ्याने शेतावर पिकवलेल्या मालाला सूट आहे हे खरं आहे. भिरंडं पाटीत घालून विकायला त्या नंबराची गरज नाही. पण मीठ घालून, रस काढून, बाटलीत भरून, लेबल चिकटवून दुकानात पाठवलं की आपण उत्पादक झालो. ते मला पटलंही. दुसऱ्याच्या पोटात जाणाऱ्या वस्तूवर आपलं नाव-गाव असायलाच हवं.

अर्ज फॉस्कोस या संकेतस्थळावर होतो. मी केला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. हे सगळं मुलीने एका संध्याकाळी मोबाइलवर भरलं. फोटो, आधार, फी, झालं.

आणि मग शेरा आला. जागेचा पुरावा अर्जदाराच्या नावे जोडा.

माझ्या आधारवर पत्ता म्हापशाचा. मध भरायचा, आगळ गाळायचा तो गावच्या घरात. त्यामुळे गावच्या जागेचा कागद मागणं बरोबरच होतं. आम्ही घरपट्टीची पावती जोडली होती, आणि तिच्यावर आजेसासऱ्यांचं नाव. म्हणजे पावती माझ्या नावाची हवी, असाच त्या शेऱ्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी लावला. कोणीही तसाच लावेल. त्यात शेऱ्याला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज बंद होतो. घड्याळ सुरू झालं.

पंचायतीत गेले. सचिव भला माणूस. त्याने जुनी वही काढून दाखवली, नाव बदलायचा अर्ज दिला आणि म्हणाला, “सगळ्या वारसांच्यो सयो जाय, बाय.” सगळे वारस! आजेसासऱ्यांना पाच मुलं. त्यातले दादरचे चुलतसासरे गेले, म्हणजे त्यांची मुलं आली. बेळगावच्या आत्येसासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एक चुलतदीर इंग्लंडमध्ये स्विंडनला. गोव्याच्या कायद्यात लग्न झालं की बहुतेकदा मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक होते, म्हणून सह्या जोडीने हव्यात. वाटण्या कधी झाल्याच नाहीत. त्या करायच्या तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घ्यायचं प्रकरण, घालायला हवी, आणि ती कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालते. शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी मी इन्व्हेंटरी घालणार होते का?

तरी मी फोन करायला बसले. दादरला, बेळगावला, स्विंडनला. कोणी वाईट बोललं नाही. पण घरपट्टीवर नाव बदलायचं म्हटलं की माणूस सावध होतो, आणि तो होणारच. एकाने विचारलं, “वहिनी, मधासाठी घर कशाला नावावर करायला हवं?” त्याला मी काय सांगणार? त्याचा प्रश्न योग्यच होता. चार पिढ्या सुखासुखी चाललेल्या नात्यात एका सरकारी शेऱ्यामुळे संशय यायची वेळ आली, हे मला सगळ्यात जास्त लागलं. रात्री झोप लागेना. आई म्हणाल्या, सोड तो नंबर, आपण आधी कुठे नंबर घेऊन सोलं विकत होतो. पण मला सोडायचं नव्हतं.

मग नोंदणी देणाऱ्या अन्नसुरक्षा कार्यालयात गेले. बाहेरच्या टेबलावर सांगितलं, सगळं ऑनलाइन आहे, इथे येऊ नका, उत्तर पोर्टलवर द्या. पोर्टलच्या हेल्पलाइनवर सांगितलं, शेरा कार्यालयाचा आहे, त्यांनाच विचारा. पुन्हा कार्यालयात. साहेब तपासणीवर गेलेले. पुन्हा दुसऱ्या दिवशी. साहेब मीटिंगला. उन्हं अशी की बसमधून उतरल्यावर चक्कर यावी, आणि घरी भिरंडं कुजायला लागलेली. भिरंड वाट बघत नाही. पिकलं की ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी फोडायला लागतं. बिया आणि गर वेगळा करायचा, त्या रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवायच्या आणि उन्हात टाकायच्या, संध्याकाळी परत रसात. अशी पाच-सहा पुटं बसली की सोल काळं, मऊ आणि टिकाऊ होतं. मधली दोन पुटं चुकली तर पावसाळ्यात बुरशी धरते. मी कार्यालयाच्या बाकावर बसायची आणि ऐंशी पार केलेल्या आई एकट्या अंगणात वाकून साली उलथायच्या. इथे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आणि त्याआधीच वळवाची सर कधी येईल त्याचा नेम नाही. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, त्याच्या आत उरकावं लागतं. हे त्या टेबलावरच्या माणसाला ठाऊक नसेल असं नाही, त्याच्याही घरी सोलं वाळत असतील.

शेवटी एक दिवस मी ठरवून सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभी राहिले, आणि अन्नसुरक्षा अधिकारी बाई भेटल्या. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, “लाइट बिल कोणाच्या नावावर?” सासऱ्यांच्या पश्चात वीजजोडणी आईंच्या नावावर केली होती, ते सांगितलं. “आई तुमच्यासोबत राहतात?” हो. “मग त्यांचं संमतीपत्र आणा. जागेची मालकी आम्ही तपासत नाही. तुम्ही तिथे काम करता आणि राहणाऱ्यांची त्याला हरकत नाही, एवढं कागदावर दिसलं की पुरे.”

पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं! मला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं, इतकं हलकं वाटलं, आणि त्याच वेळी संताप आला. हेच एक वाक्य शेऱ्यात लिहिलं असतं तर तीन गावांतल्या नातेवाइकांना फोन करावे लागले नसते. बाहेरच्या टेबलावर कोणी उच्चारलं असतं तरी चाललं असतं. त्या बाईंबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचायला इतके दिवस लागावेत, हे चूक आहे, आणि ते बदलायला हवं. गावातून दोन बस बदलून येणाऱ्या बाईचा एक दिवस म्हणजे तिची तेवढी मजुरी आणि तेवढा माल.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की घरपट्टी बदलायच्या नादाला लागूच नका. तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळा वेळ द्या. घरात राहणाऱ्या आणि लाइट बिलावर नाव असलेल्या माणसाचं संमतीपत्र करा, सोबत ते बिल, त्यांचं आधार, आणि तुम्ही तिथे राहता असा पंचायतीचा दाखला जोडा. आमच्या पंचायतीने दाखला त्याच दिवशी दिला. संमतीपत्र आम्ही नोटरीकडून करून घेतलं. त्यात घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका स्पष्ट लिहा, आणि घराचा कोणता भाग वापरणार तेही लिहा. आमच्या बाबतीत मागची पडवी आणि तिला लागून असलेली खोली.

हे सगळं चढवल्यावर नंबर लगेच आला. चौदा आकडी. मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि आईंनी तो देवासमोर ठेवायला सांगितला.

आता बाकीचं, आठवेल तसं. अर्ज भरतानाच विकायचे सगळे पदार्थ लिहा. मध वेगळ्या वर्गात येतो, गोडी आणणाऱ्या पदार्थांच्या अकराव्या वर्गात, आणि सोलं, लोणचं फळं-भाज्यांच्या चौथ्या वर्गात. नुसता मध लिहिला आणि नंतर आगळ सुचला तर बदलासाठी पुन्हा अर्ज आला.

मधाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. नंबर मिळाला म्हणजे मध चांगला झाला असं नाही. मानकाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि सातेरीच्या मधात ते मुळातच जास्त असतं. त्यात आपली दमट हवा. चौकटीतली घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका, कितीही घाई असली तरी. फिरवायच्या यंत्रात काढा, पोळं पिळू नका. पिळलेल्या मधात पराग आणि अळ्यांचा रस उतरतो, तो आंबतो, आणि पोळं तुटलं की माश्यांना सगळं मेण नव्याने करावं लागतं. काढायला कोरडा दिवस निवडा आणि बरणी उघडी ठेवू नका, मध हवेतलं पाणी ओढून घेतो. पातळ वाटला म्हणून चुलीवर आटवू तर नकाच. पाणी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. मी घेतलं आणि दोन चौकटी परत पेटीत ठेवल्या.

सगळा मध काढून घेऊ नका. जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही. पिल्लांच्या कोठीतल्या मधाला मी हात लावत नाही, आणि पावसात साखरेचा पाक देते. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, नाहीतर मुंग्या एका रात्रीत वसाहत पळवून लावतात. रिकामं पोळं पावसाळ्यात पेटीत राहिलं की मेणकिडा लागतो, ते आधीच काढून टाका.

भिरंडाची रोपं लावणार असाल तर कलमं घ्या. बी रुजवलं तर नर झाड की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर सहा-सात वर्षं जातात. बिया फेकू नका, त्यांचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, निघतं, टाचांच्या भेगांना त्यासारखं औषध नाही.

लेबलावर नंबराखेरीज सोलं-आगळासाठी शाकाहारीची हिरवी खूण, घटक, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, किंमत आणि पूर्ण पत्ता लागतो. दुकानदाराने माझं पहिलं लेबल परत केलं, कारण किमतीपुढे सर्व करांसहित असं छापलेलं नव्हतं. छापखान्यात टाकण्याआधी दुकानदाराला कच्चं दाखवून घ्या.

आणि लाइट बिल अगदी अलीकडचं जोडा, भरल्याच्या पावतीसकट.