तुम्ही विचारलंत म्हणून: चौदाव्या वर्षी ‘व्हायकिंग्ज’?

‘मुलगा चौदाचा आहे, व्हायकिंग्ज बघू देऊ का?’ हा जुन्या काळच्या उत्तर युरोपातल्या समुद्री लुटारूंवरच्या मालिकेबद्दलचा प्रश्न इतक्या वेळा आलाय की उत्तर एकदाच लिहून टाकतो. तुम्हाला हो किंवा नाही हवं असतं. मी दोन्ही देत नाही, म्हणून तुम्ही वैतागता. वैतागा.

आधी शिक्क्याचं. २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवरचा यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए हा शिक्का सेन्सॉर बोर्ड मारत नाही, प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो. बहुतेकदा आख्ख्या मालिकेला एकच. ही मालिका आहे ६ सीझन, ८९ भागांची. पहिल्या सीझनचे ९ भाग आणि चौथ्यापासूनचे वीस-वीस भाग एका मापात बसत नाहीत. परदेशी पालकांच्या याद्या वाचत असाल तर आणखी एक घोळ आहे. अमेरिकेत टीव्हीवर दाखवलेली आवृत्ती वेगळी आणि नंतर डीव्हीडीवर आलेली लांबवलेली आवृत्ती वेगळी. दुसरीत नग्नता आणि रक्त जास्त.

म्हणून तीन भाग स्वतः बघा, पोराच्या आधी. पहिल्या सीझनचा पहिला, ज्यात बारा वर्षांचा ब्यॉर्न बापासोबत, म्हणजे मालिकेचा नायक रॅगनार याच्यासोबत, शिरच्छेद बघतो. त्याच सीझनचा चौथा, त्यात लुटीदरम्यानचा बलात्कार आहे. माझ्या मते तलवारबाजीपेक्षा हा भाग अवघड, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि दुसऱ्या सीझनचा सातवा.

सातव्याबद्दल सगळे विचारतात, ‘किती दाखवलंय?’ तसं फारसं नाही. रॅगनार बाहेर असताना यार्ल (सरदार) बोर्गने त्याचं गाव कट्टेगाट बळकावलेलं असतं, त्याची ही शिक्षा: ‘ब्लड ईगल’. पाठ सुरीने उघडायची, बरगड्या कुऱ्हाडीने कण्यापासून तोडायच्या, फुप्फुसं बाहेर ओढून खांद्यांवर पंखांसारखी ठेवायची. ओरडला तर वल्हाल्लाचं, म्हणजे योद्ध्यांच्या स्वर्गाचं, दार बंद. बोर्ग ओरडत नाही. रात्र, मशाली, गंभीर संगीत, आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्या आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. रक्त मोजणारा पालक म्हणेल, चालेल की! माझी हरकत नेमकी इथे आहे. हालहाल करून मारणं इथे एखाद्या पूजेसारखं मांडलंय. शेवटी किळस वाटत नाही, आदर वाटतो. चौदाव्या वर्षी ‘दुखलं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही’ हे आधीच चारी बाजूंनी ऐकू येत असतं, त्यात ही भर.

तरीही हा भाग गाळा असं मी म्हणत नाही. तो संपल्यावर थांबवा आणि इतिहास सांगा. या शिक्षेचे उल्लेख सापडतात ते दरबारी कवींच्या काव्यात आणि शेकडो वर्षांनी लिहिलेल्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथांमध्ये. जुन्या नॉर्स साहित्याच्या अभ्यासक रॉबर्टा फ्रँक यांनी १९८४ मध्ये मांडलं की कवीची ओळच चुकीची वाचली गेली. मूळ चित्र प्रेतावर बसलेल्या गरुडाचं असावं. २०२२ मध्ये शरीररचनेच्या अंगाने झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की तेव्हाच्या हत्यारांनी हे करता आलं असतं, पण माणूस विधी पुरा होण्याच्या बराच आधी मेला असता. म्हणजे शेवटपर्यंत गप्प राहून सोसणारा बोर्ग पटकथेतच शक्य. हे कळल्यावर पोरगं काय म्हणतं ते ऐका, निर्णय तिथे होतो.

पूर्वी मी ‘सोळा, विषय संपला’ असं सांगायचो. सोपं होतं आणि अजूनही अधूनमधून मोह होतो. पण सोळाव्या वर्षी कुणी आईबापाशेजारी बसून बघत नाही. चौदाव्या वर्षी बसतो, कुरकुरत का होईना. म्हणून आता म्हणतो: चौदाला, सोबत बसून, दोन सीझन. चौथा नको. त्यात रॅगनारचा लहानगा मुलगा आयव्हर कुऱ्हाडीने दुसऱ्या पोराचा जीव घेतो आणि इंग्लंडमधल्या राजा एलाला ब्लड ईगलचीच शिक्षा होते तेव्हा कॅमेरा इतका संकोच करत नाही. ‘मग तिसरा?’ तुमचं पोर तुम्ही ओळखता, मी नाही. आणि ऐतिहासिक सिनेमाला तिसरीतलं लेकरू मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी मला कडक म्हणू नये.

सेटिंगचं थोडक्यात: मुलाचं प्रोफाइल वेगळं करा, आपल्या प्रोफाइलला पिन लावा, आणि ऑटोप्ले बंद करा. नाहीतर सातवा संपताच आठवा सुरू होतो आणि बोलणं राहतं ते राहतंच. तेच दृश्य रील म्हणून मोबाइलवर आलं तर यातलं काहीच कामाचं नाही.

आणि घरात नऊ वर्षांची धाकटी असेल, टीव्ही हॉलमध्येच असेल, तर मोठा चौदाचा की सोळाचा हा प्रश्नच बाजूला ठेवा. ती झोपल्यावर बघा, नाहीतर नकोच.