मयताला हप्ता, जित्याला हेलपाटे

२०२२ च्या आषाढात अण्णा गेले. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या खात्यात पीएम किसानचे, म्हणजे केंद्राच्या शेतकरी योजनेच्या हप्त्याचे, दोन हजार वेळेवर जमा झाले. तेच दोन हजार आईच्या नावावर यायला मात्र पुढची जवळपास दोन वर्षं गेली.

वारस नोंदीत फारसा त्रास झाला नाही. तलाठ्याकडे अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही, आणि सातबाऱ्यावर आई, मी, बहीण अशी तीन नावं चढली. मी पुण्यात नोकरीला, इन्कम टॅक्स भरतो, म्हणून योजनेत बसत नाही. आई बसते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेल्या जमिनीला लाभ नाही, पण वारसाने आलेली जमीन असेल तर चालते. एवढं वाचून मी फेरफार, आठ-अ आणि मृत्यूचा दाखला जोडून ऑनलाइन नोंदणी केली.

अर्ज फेटाळला. कारण, कुटुंबात आधीच लाभार्थी. म्हणजे अण्णा! सरकारदरबारी ते अजून शेती करत होते. महसूलवाले म्हणाले कृषी खात्यात जा, कृषीवाले म्हणाले तहसीलला विचारा. असे चार हेलपाटे झाले. शेवटी एका कृषी सहायकानं अण्णांच्या नावापुढं ‘मयत’ लावून घेतलं आणि दिवाळीतले दोन हजार परत भरायला सांगितले. ते मी माझ्या खिशातून भरले. पावती जपून ठेवलीय.

दुसऱ्यांदा अर्ज केला. आता स्टेटसमध्ये ‘लँड सीडिंग – नो’, म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडलेली नाही. ते झालं, तर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, अडली. सेतूवाल्या पोरानं आईचा अंगठा सात-आठ वेळा मशिनवर टेकवला. खुरपणी आणि कापूस वेचून तिच्या बोटांवर रेषा राहिल्यात कुठं? त्यानं खोबरेल लावून पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. मग मोबाइलच्या ॲपवर चेहरा धरायला लावला. “मावशी, डोळे मिटा... उघडा.” आईनं मिटले ते उघडेचना. तिला वाटलं, तो सांगेल तेव्हाच उघडायचे! तिसऱ्या खेपेला झालं एकदाचं.

तरी पासबुकात काहीच नाही. स्टेटसवर मात्र हप्ता जमा! मी तिच्या आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, पाहिलं, तर तिथं पोस्टाच्या बँकेचं नाव. कधीकाळी पोस्टमननं पारावर बसून, अंगठा घेऊन बायकांची खाती उघडली होती, तेच हे. अर्जात कुठलाही खाते नंबर लिहा, पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतात. ही एक ओळ कुणी आधी सांगितली असती तर आईच्या बँकेतल्या कितीतरी चकरा वाचल्या असत्या.

त्या खात्यात केंद्राचे दोन हप्ते आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा एक, असे सहा हजार पडून होते. आईनं तिथंच मोजले आणि दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानाची उधारी चुकती केली.

अण्णांच्या खात्यातले ते दोन हजार अजून तिथंच आहेत. वारस म्हणून काढायचे तर बँकेचा फॉर्म वेगळा, आणि त्यावर आम्हा तिघांच्याही सह्या लागतात म्हणे.