ताउदेनी: तुरुंग बंद झाला, मिठाच्या खाणी चालूच

भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत समुद्राचं पाणी उन्हात आटवून मीठ काढायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या उत्तर टोकाला, टिंबक्टूपासून साडेसहाशेहून जास्त कि.मी. दूर असलेल्या ताउदेनीत मात्र ते खणून काढावं लागतं, कारण तिथलं सरोवर केव्हाच आटलंय.

काम चालतं थंडीच्या महिन्यांत. साधारण ४ मीटर खोल खड्डा घ्यायचा, वरची माती आणि हलक्या प्रतीचे थर फेकून द्यायचे. चांगला थर लागला की कुऱ्हाडीने सुमारे ३० किलोच्या लाद्या कापायच्या. उंटावर चार लाद्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन. वाटेत लादी फुटली की भाव पडतो, म्हणून कातड्याच्या वाद्यांनी आवळून बांधतात. विहिरीचं पाणीही खारट, अंगमेहनतीत ते पिणं फार कठीण.

१९६९ ते १९८८ इथे तुरुंग होता. राजकीय कैद्यांना मीठ खणायला लावलं, कित्येक तिथेच मेले. ही गोष्ट मिठाइतकीच सांगितली गेली पाहिजे.

याच सहारा वाळवंटात, दक्षिणेकडच्या असेलारला, १९२७ साली माणसाचा प्राचीन सांगाडा सापडला. आपल्या वरळीच्या खडकातल्या बेडकांच्या जीवाश्मांपुढे तो अगदीच अलीकडचा, पण सहारा कधीकाळी हिरवा होता याची साक्ष देणारा.